बाईंचे जूनमधले पाठ

आमच्या चर्चच्या मंडळीच्या रविवार शाळेला बाहेरचे अभ्यासक्रम जोडून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी कोथरूडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवीत असे आणि तिथले वेळापत्रकही मीच करीत असे. वेळापत्रक करणाऱ्या माणसाला कोणतीही गोष्ट कोणत्याही चौकटीत बसवता येते, असा लोकांचा समज असतो. तो बराचसा खरा आहे. बसवताना काय कापावे लागते, एवढे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ज्यांना रविवार शाळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मोठ्यांची उपासना चालू असताना मुलांना चर्चच्या मागच्या खोल्यांत वयाप्रमाणे बसवतात. पवित्र शास्त्रातला एक भाग गोष्ट करून सांगतात, त्यातले एक वचन पाठ करून घेतात, आणि नाताळच्या कार्यक्रमात पाठांतराची बक्षिसे देतात. शिकवणारे सारे मंडळीतलेच असतात आणि त्यांना पगार नसतो. आमच्याकडे तीन वर्ग होते. त्यातला शिशुवर्ग बाईंचा होता. त्यांना नाव होते, पण मंडळीत ‘बाई’ म्हटले की त्याच, आणि इतरांना काही तरी जोडून बोलावे लागे.

बाई एका मिशनच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केले नव्हते. कॅम्पच्या कडेला एका खोलीत राहत. आठवड्यातले सहा दिवस त्या रविवारच्या एका तासाची तयारी करीत, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. लाकडी पाटीवर फ्लॅनेलचे कापड ताणून त्यांनी एक फळा केला होता. कागदाची चित्रे कापायची, रंगवायची, मागे पॉलिशपेपरचा तुकडा चिकटवायचा. मग ते चित्र फळ्यावर टेकवले की धरून राहते, आणि गोष्ट पुढे सरकली की उचलून दुसरीकडे लावता येते. त्यांच्याकडे एकच उंट होता. तोच अब्राहामाबरोबर निघे आणि तोच नाताळात बाळ येशूला पाहायला निघालेल्या मागी लोकांना घेऊन येई. मी चार वर्षांची असताना त्यांच्या वर्गात बसले होते. पुढे आमच्याकडे संगणकावरचे पाठ आणणारे पंचही तिथेच बसले होते, माझ्यामागून काही वर्षांनी.

पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहण्यासाठी निवडून दिलेली माणसे. हे पंच हिंजवडीच्या एका कंपनीत वरच्या जागेवर होते. मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन होते, कारण ते घाईत असत. घाईत असलेल्या माणसाला आमच्याकडे फार मान आहे.

नाताळ आटोपल्यावरच्या पहिल्या सभेत त्यांनी ती योजना मांडली. एक प्लॅटफॉर्म घ्यायचा. प्लॅटफॉर्म स्वतः रिकामा असतो, कपाटासारखा. त्यात पाठ बाहेरून येतात. कोणी अमेरिकेतला प्रकाशक, कोणी चेन्नईतली संस्था, असे वेगवेगळे स्रोत असतात. स्रोताची किल्ली, म्हणजे एक सांकेतिक शब्द, मिळाली की ती प्लॅटफॉर्ममध्ये घालायची, आपल्या वर्गांना त्यांचे कोणते वर्ग लागू पडतात ते ठरवून द्यायचे, आणि मग दर रविवारी पाठ आपोआप पडद्यावर हजर. चित्र, आवाज, प्रश्न, सारे आयते.

“बाई, आता आपल्याला चित्रं कापत बसायला नको,” पंच म्हणाले. “सगळं तयार येतं.”

“कुठून येतं?”

“अमेरिकेतून.”

“अरे वा. मग भाजीही तिथूनच आणत असशील.”

सभेत हसू पिकले. पंचांनी ते पिकू दिले आणि शांतपणे म्हणाले, “भाजी मार्केट यार्डातूनच आणतो, बाई. पण भाजीवाल्याला पोरं शिकवायला बसवत नाही.”

या वाक्यावर पहिल्यापेक्षा अधिक लोक हसले. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी चष्मा पुसला. ठराव असा झाला की मोठे दोन वर्ग लगेच जोडावेत, आणि शिशुवर्गाचा संच वेगळा घ्यावा लागतो म्हणून तो वर्ग जूनपासून जोडावा. म्हणजे बाईंचा वर्ग मेअखेरपर्यंत बाईंचा. सभेनंतर व्हरांड्यात त्यांनी मला विचारले, “जूननंतर रविवारी मी काय करायचं गं?”

“उपासनेत बसा की, बाई. निवांत.”

“निवांत मी सोमवार ते शनिवार असतेच.”

मी प्लॅटफॉर्मच्या बाजूची होते आणि आजही आहे, हे स्पष्ट लिहून ठेवते. आमच्या मधल्या वर्गाचे शिक्षक तयारी न करता येत आणि एकच गोष्ट तीन-तीन रविवार सांगत. त्या वर्गाला पडदा आल्यावर निदान गोष्ट बदलू लागली. किल्ली आम्ही तूर्त अमेरिकन प्रकाशकाचीच घेतली होती; त्याचे पाठ मी एकेक उघडून पाहिले, आमच्या मुलांना न कळणारे प्रसंग वगळले, वचने मराठी शास्त्रातून घातली. काम नीट झाले. एकच अडचण उरली आणि ती मी एप्रिलमध्येच पंचांच्या कानावर घातली. अमेरिकेतले शालेय वर्ष मेअखेर संपते आणि सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. प्रकाशकाचे पाठ त्याच हिशेबाने आखलेले होते. आपली मुले मे महिन्यात गावी असतात आणि जूनमध्ये परत येतात. म्हणजे मुले नसताना पाठ येणार, आणि मुले आल्यावर येणार नाहीत.

पंच हसले. “मॅडम, एवढी मोठी संस्था. जगभर पाठवतात. त्यांना जून माहीत नसेल का?”

“जून माहीत असेल. आपला जून माहीत नसेल.”

“तुम्ही शाळेतल्या लोकांना ना, सगळीकडे सुट्टीच दिसते.”

जूनचा पहिला रविवार आला. मुले भरपूर आली होती. तिन्ही खोल्यांतले पडदे लावले, आणि तिन्हींवर तेच चित्र आले: समुद्रकिनारा, एक रंगीत चेंडू, आणि सुट्टी मजेत घालवण्याच्या इंग्रजी शुभेच्छा. मधल्या वर्गाच्या शिक्षकांनी पुढचे बटण दाबून पाहिले, मागचे दाबून पाहिले. एका मुलाने विचारले, “सर, आज सहल आहे का?” पंच उपासनेतून उठून आले, स्वतः बटणे दाबू लागले, आणि काही वेळाने त्यांनाही तो चेंडू ओळखीचा झाला.

बाई शेवटच्या बाकावर बसलेल्या होत्या. पाळकसाहेबांनी मला खुणेने पाठवले. मी जाऊन सांगितले, तेव्हा त्या लगेच उठल्या नाहीत. चालू असलेले गीत संपू दिले, मग म्हणाल्या, “त्याला येऊन सांगू दे.”

पंचांना यावे लागले. भर उपासनेत, बाकाशी वाकून, कुजबुजत ते म्हणाले, “बाई, आजच्या दिवस घ्या ना सगळ्यांना.”

“भाजीवालीला बसवतोस?”

“बाई, प्लीज.”

त्या उठल्या. तिन्ही वर्गांची मुले मागच्या मोठ्या खोलीत एकत्र बसवली. फळा घरी होता, तेव्हा त्या दिवशी त्यांनी नुसत्या बोटांनी जलप्रलयातले नोहाचे तारू उभे केले. दाराशी पालक येऊन उभे राहिले. आजचा एक दिवस म्हणता म्हणता जून संपला, जुलै संपला, आणि ऑगस्टही बाईंचाच गेला. त्या काळात त्या उंच दिसत, असे मला आठवते. फळ्यासाठी नवे कापड आणले होते. दुसरा उंटही केला.

त्या दिवसांत पंचांची मुलगी दर रविवारी पुढच्या रांगेत बसून मोबाइलवर बाईंचे चित्रीकरण करी. ती नुकतीच कॉलेज संपवून घरी होती आणि मंडळीत काही तरी करावे अशी वडिलांची इच्छा होती. बाईंना चित्रीकरणाचा आनंदच होता. पोरीला ‘जवळ ये, आवाज नीट येईल’ असे त्या सांगत. चित्रीकरण माझ्याकडे येई आणि मी त्यातला शब्द न् शब्द उतरवून घेई. प्लॅटफॉर्मला आपलाही स्रोत जोडता येतो. पाठ ठरावीक साच्यात भरायचा: शीर्षक, वचन, गोष्ट, प्रश्न. बाईंचे पाठ असे साच्यात भरले गेले आणि यादीत अमेरिका आणि चेन्नई यांच्या खाली आले. तिथे वर शीर्षक होते, ‘बाहेरचे स्रोत’. ते मला बदलता येत नव्हते.

हे कशासाठी, हे बाईंनी विचारले नाही आणि पंचांनी सांगितले नाही. मला ते समजत होते. पुढच्या जूनमध्ये पडदा रिकामा राहू नये म्हणून.

सप्टेंबरमध्ये बाहेरचे पाठ पुन्हा येऊ लागले आणि त्याच महिन्यात बाईंचा सत्कार झाला. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. पंच भाषणात म्हणाले, “बाईंना आता उभं राहायची गरज नाही. बाई आता सिस्टीममध्ये आहेत.”

उत्तरादाखल बोलायला बाई उठल्या. “मी सिस्टीममध्ये आहे, तर मग ही शाल घेऊन घरी कोण जातंय?”

सगळे हसले. त्यांच्या विनोदावर ती मंडळी नेहमीच हसत असे. त्यांचे म्हणणे टाळायची तीच सवयीची रीत होती. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “मला शिकवू देऊ नका. वर्गात मागे बसू द्या. तेवढंच.”

पंच खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. “बाई, आता नियम झालाय. मुलांच्या सुरक्षिततेसाठी. वर्गात लॉगिन असलेल्यांनीच थांबायचं.”

“मग मला दे ते लॉगिन.”

“ते शिकवणाऱ्यांना असतं.”

नियम चांगला होता. तो मोडला जाऊ नये असेच मला वाटे. पण तो झाल्यापासून पहिल्यांदा लागू झाला तो बाईंना, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाला लागू करायची वेळ आल्याचे मला स्मरत नाही. शिशुवर्ग पंचांच्या मुलीकडे गेला. बाई वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागल्या. व्हरांड्याला लॉगिन लागत नसे.

पुढचा जून आला. पडद्यावर चेंडू आला नाही, बाईंचे पाठ आले. मी ते वेळेवर लागतात की नाही हे पाहायला खोल्यांतून फिरत होते. त्यातल्या एका रविवारी शिशुवर्गात येशूने गोष्टीरूपाने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला होता.

हा पाठ बाईंनी आदल्या वर्षी कसा सांगितला होता, ते इथे द्यायला हवे. दाखल्यात मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधतो आणि आनंदाने खांद्यावर घेऊन येतो. तिथपर्यंत येऊन बाई थांबल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या: “आमच्या घरी एक शेळी होती. एकदा माझ्या हातून सुटली. माझे वडील दिवसभर हिंडले. संध्याकाळी शेळी खांद्यावर घेऊन आले, तिला खाली ठेवलं, आणि तिच्याच दाव्यानं मला मारलं. मुलांनो, देव माझ्या वडिलांसारखा नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली. तुम्हाला आजच सांगून ठेवते.” त्या वेळी खोलीत एकही मूल हलले नव्हते.

मी हे जसेच्या तसे उतरवले होते आणि वर सूचना लिहिली होती: ‘हा अनुभव बाईंचा आहे, शिक्षकांनी तो त्यांचा म्हणूनच सांगावा.’ पण प्लॅटफॉर्म शिक्षकांच्या सूचना वेगळ्या पानावर दाखवतो आणि ते पान आपण होऊन उघडावे लागते. आमच्याकडे ते कोणी उघडत नसे. अमेरिकेच्या पाठात तशी गरजच पडली नव्हती. तिथे ‘मी’ कुठेच नसे.

पंचांची मुलगी टॅबलेट हातात धरून वाचत होती. चांगले वाचत होती. “आमच्या घरी एक शेळी होती,” ती म्हणाली. मी दारात होते. व्हरांड्यात बाई ताठ झाल्या. वाक्ये एकामागून एक आली आणि बाणेरच्या बाराव्या मजल्यावर वाढलेली ती मुलगी, सुंदर कुडता घातलेली, ‘तिच्याच दाव्यानं मला मारलं’ येथपर्यंत पोचली. तिथे तिचा आवाज किंचित अडखळला. पण पुढे वाक्य लिहिलेले होते, आणि लिहिलेले वाक्य वाचायचे असते.

“टीचर, तुमच्याकडे शेळी होती?” पुढे बसलेल्या एका मुलीने विचारले.

तिने टॅबलेटकडे पाहिले. प्रश्नोत्तरांत हा प्रश्न नव्हता. “हो,” ती म्हणाली. “होती.”

“लिफ्टमध्ये मावायची?”

“चला, आता वचन म्हणू या.”

उपासना सुटल्यावर आवारात चहा असतो. पंच पाळकसाहेबांशी आणि दोन-चार जणांशी बोलत उभे होते. तीच छोटी मुलगी आईचा हात सोडून त्यांच्यासमोर गेली. “अंकल,” तिने विचारले, “तुम्ही टीचरला दाव्यानं का मारलं?”

आधी कोणाला काही कळले नाही. मग तिने शेळीसह सगळे सांगितले, मोठ्या आवाजात, तिला पाठ उत्तम आला होता. पंचांची मुलगी रडतच धावत आली आणि वडिलांना समजावू लागली की ते पाठात होते. “कोणाच्या पाठात?” त्यांनी विचारले. आणि त्याच क्षणी व्हरांड्यातून बाईंचे हसू ऐकू आले. त्यांना मी इतक्या मोठ्याने हसताना कधी ऐकले नव्हते. त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्यांचे पाहून अख्खे आवार हसू लागले.

त्याच आठवड्यात सभा बोलावली. बाईंना मुद्दाम बोलावले. पंचांनी विषय मांडला: स्थानिक स्रोतातला मजकूर मुलांसाठी अयोग्य आहे, त्यात मारहाणीचे वर्णन आहे, बाहेरच्या एकाही स्रोतात असे काही नाही.

मी सूचनेचे पान उघडून दाखवले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “मॅडम, ज्या पाठाला सूचना लागते, तो पाठ धोक्याचाच.”

“तो माझा बाप होता,” बाई म्हणाल्या. “तुझ्या मुलीला मी वापरायला दिला नव्हता.”

“बाई, मुद्दा तो नाही. आपण हसलात. भर मंडळीत.”

“हसले.”

“माझी मुलगी रडत होती आणि आपण हसत होतात.”

बाईंना इथे थांबता आले असते. पाळकसाहेब काही मवाळ बोलण्याच्या तयारीत होते, आणि मला वाटते, माफी मागितली असती तर पाठ वाचले असते. बाई म्हणाल्या, “अरे, पाच वर्षांचा होतास. वर्गात चड्डी ओली केलीस, सगळी पोरं हसली, मी हसले नाही. तुझी चड्डी धुऊन खिडकीत वाळत घातली. तेव्हाचं राहिलेलं हसले, असं समज.”

कोणी हसले नाही. पंचांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ज्यांनी मान खाली घातली, त्यांत मीही होते. ठराव मांडायला त्यांना भाषण करावे लागले नाही. हात वर झाले. माझा झाला नाही, त्याने काही अडले नाही.

स्रोत काढण्याचा अधिकार माझ्या खात्यावर होता. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवण्यात आला. बाई शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांचा स्रोत निवडला, काढून टाकण्याची आज्ञा दिली. प्लॅटफॉर्मने विचारले की यातील सर्व पाठ कायमचे जातील, आपली खात्री आहे का. मी थांबले.

“काय म्हणतंय?” बाईंनी विचारले.

मी वाचून दाखवले.

“सभ्य आहे,” त्या म्हणाल्या. “निदान विचारतं तरी.”

मी बटण दाबले. पंचांनी घड्याळ पाहिले. उरलेल्या जूनला आणि पुढच्या दोन महिन्यांना चेन्नईचा स्रोत जोडावा, असे ठरले, आणि ते मी त्याच बैठकीत जोडून दिले. त्या पाठात मेंढरू आहे. ते कोणाचे नाही आणि त्याच्यापायी कोणालाही मार पडत नाही. पंचांची मुलगी तो पाठ छान घेते.

बाई त्यानंतर व्हरांड्यात दिसेनाशा झाल्या. आजारी असतील म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले, तर कुलूप होते. काही महिन्यांनी स्वारगेटच्या थांब्यावर भेटल्या, हातात पिशवी, रविवारचीच दुपार.

“सलाम, बाई. हल्ली चर्चला दिसत नाही तुम्ही.”

“जाते की. सकाळच्या इंग्रजी उपासनेला जाते.”

आमच्याच इमारतीत, आमच्या आधी, भल्या सकाळी एक इंग्रजी उपासना होते. बाहेरगावचे कॉलेजचे विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त आलेले लोक तिला येतात. बाईंचे इंग्रजी शिवणाच्या पुस्तकापुरते होते.

“तुम्हाला कळतं का तिथलं?” मी विचारले.

“फारसं नाही.”

“मग कशाला जाता, बाई? व्हरांड्यातला तुमचा बाक रिकामा असतो.”

त्यांनी रस्त्याकडे पाहिले. त्यांची बस येत होती आणि त्या पाटी वाचत होत्या.

“त्या उपासनेला मुलं आणत नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि चढायला पुढे झाल्या.